एक घर, दोन प्रभाग
दर महापालिका निवडणुकीला हेच! विधानसभेला आम्ही घरचे चौघे एकाच केंद्रावर मत देतो. महापालिकेला तीच यादी प्रभागवार फोडतात आणि आईचं नाव नाल्यापलीकडच्या प्रभागात जाऊन पडतं. एकच दार, एकच नळ, नगरसेवक मात्र वेगळे! गुडघे धरत तिने तिकडे जायचं आणि मत द्यायचं ते दुसऱ्यांच्या गटारासाठी. प्रारूप यादीवर हरकत घेतली, पोच अजून कपाटात आहे; अंतिम यादीत नाव तिथंच. त्यात मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग. पाणी आलं नाही तर चौघांतल्या कुणाला धरायचं? मुंबई-पुण्यासह कितीतरी महापालिकांच्या मुदती २०२२ लाच संपल्या, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. एवढ्या वर्षांत एक पत्ता नीट लावता येऊ नये?