चूक कुणाची हे ठरेपर्यंत बाळाला कुणी सांभाळायचं?

बाळंतपणात मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या नुकसानभरपाईच्या केसेस मी सोलापुरात चालवते. कधी आई-वडिलांच्या बाजूने, एक-दोनदा डॉक्टरांच्या बाजूनेही. दोन्हीकडून बघून माझं मत पक्कं झालंय. या मुलाला आयुष्यभर लागणारा पैसा आणि डॉक्टरची चूक, हे दोन प्रश्न आपण एकमेकांत अडकवून ठेवलेत. त्यांची गाठ आधी सोडवायला हवी.

आज कायद्यात स्थिती अशी आहे: निष्काळजीपणा सिद्ध झाला तर पैसे, नाही झाला तर छदाम नाही. आणि सिद्ध कुणी करायचं? पहाटे कळांनी तळमळत टेबलावर पडलेल्या बाईने. नवरा तर बाहेर बाकड्यावर बसलेला. आत काय झालं हे सांगणारे लोक सगळे समोरच्या पक्षाचे.

मग उरतो केसपेपर. एक केसपेपर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके लिहिलेले: 140, 142, 140, 142. पहाटे चारपर्यंत एकच पेन, एकच तिरका हात, कुठे खाडाखोड नाही. रात्रपाळीला तीन तास वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरचं अक्षर असं नसतं. साडेचारला एकदम ‘बाळ रडले नाही’. मधे काहीच नाही. नाळेच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता, तपासलेला नाही, जन्मानंतर पाच आणि दहा मिनिटांनी बाळाचा श्वास, ठोके, हालचाल बघून द्यायच्या गुणांचा, म्हणजे अपगार स्कोअरचा, रकाना रिकामा, एमआरआय पहिल्या पंधरवड्यात न होता दीड वर्षाने झालेला. इजा नेमकी कधी झाली हे सांगू शकणाऱ्या गोष्टी याच, आणि नेमक्या याच गायब. अशा कागदावर निकाल द्यायचा म्हणजे कुणालाही अवघडच.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो डॉक्टरांवर अन्याय होईल. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व, बाळंतपणातल्या हलगर्जीपणाने होत नाही. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं मूल, पोटात असतानाचा जंतुसंसर्ग, जनुकीय दोष, जन्मानंतर वाढत गेलेली कावीळ, कारणं कितीतरी. वार अचानक सुटली किंवा नाळ आधी बाहेर आली तर निष्णात डॉक्टरच्या हातातही काही मिनिटंच असतात. म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाने अगदी प्रामाणिकपणे निकाल दिला तरी अनेक आई-वडील हरणार. हरलेल्या मुलाच्या पायांतला ताठरपणा मात्र जिंकलेल्या मुलापेक्षा कमी नसतो.

विडी घरकुल या सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक आई पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन तारखेला यायची. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, मान धरत नाही, घास गिळायला वेळ लागतो म्हणून डब्यात पातळ केलेला वरणभात. ती मला एवढंच म्हणायची, “मॅडम, पुढची तारीख सोमवारची घेऊ नका, सोमवारी विडी द्यायची असते.” 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार साधारण तीन महिन्यांत निकाली निघायला हवी. तिच्या केसमध्ये तज्ज्ञ समितीचा अहवाल यायलाच वर्षाच्या वर गेलं. अहवाल आला तो चार ओळींचा: उपचार तत्कालीन परिस्थितीनुसार योग्य. का योग्य, कशावरून, एक शब्द नाही.

त्यात तिचं बाळंतपण खासगी दवाखान्यात झालं होतं म्हणून ती निदान आयोगात तरी पोचली. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्यात आले, पण जिथे सगळ्यांना मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं बाहेर राहिली. म्हणजे सरकारी दवाखान्यात मोफत बाळंत झालेल्या, बहुधा जास्त गरीब असलेल्या आईने दिवाणी दावा लावायचा. इजा तीच, पण दार वेगळं, आणि गरिबाच्या वाट्याला आलेलं दार जास्त जड.

1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीच्या इंजेक्शनमुळे मेंदूला इजा झालेल्या एका मुलाला साडेबारा लाख आणि त्याच्या आई-वडिलांना वेगळे पाच लाख मंजूर केले होते. मूल आणि पालक दोघंही ग्राहक, हे त्यात स्पष्ट झालं. चांगलाच निकाल. पण तो चूक सिद्ध झालेल्यांसाठी.

जपानने 2009 पासून वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक बाळंतपणामागे विम्याचा हप्ता भरला जातो. बाळंतपणाशी संबंधित गंभीर सेरेब्रल पाल्सी निकषांत बसली की चूक कुणाची हे न विचारता एकूण 3 कोटी येन मिळतात. त्यातले 60 लाख सुरुवातीला, बाकीचे 20 वर्षं हप्त्याहप्त्याने. मला जास्त आवडतं ते पुढचं. प्रत्येक प्रकरणाच्या कारणांची वेगळी तपासणी होते आणि अहवाल कुटुंबाला आणि दवाखान्याला, दोघांनाही मिळतो. पैसे मिळाले म्हणून चौकशी थांबत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडानेही 1988 मध्ये असा निधी काढला. बाळ साधारण किमान अडीच किलोचं हवं, इजा प्राणवायू कमी पडल्याने किंवा प्रसूतीतल्या आघाताने झालेली हवी, मेंदू आणि शरीर दोन्ही कायमचं अधू झालेलं हवं. पण त्या बदल्यात बहुतेकांचं कोर्टाचं दार बंद झालं, आणि पुढे निधीकडून साध्या साध्या खर्चासाठी झगडावं लागतं म्हणून पालक ओरडू लागले. 2021 मध्ये कायदा बदलावा लागला. पालकांचा आवाज आत नसेल तर निधीसुद्धा विमा कंपनीसारखा वागू लागतो. आपल्याकडे अशी योजना आली तर समितीत अशा मुलांचे पालक असायलाच हवेत.

हे तत्त्व आपल्याला परकं नाही. मोटार अपघातात चूक सिद्ध न करता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख मिळण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहेच. रस्त्यावर जे मान्य, ते लेबर रूममध्ये का नाही? महाराष्ट्राने सुरुवात करावी. निधीतून फिजिओथेरपी, स्प्लिंट, फिटची औषधं, सांभाळणाऱ्याचा खर्च लगेच सुरू व्हावा, सरकारी-खासगी असा भेद न करता. निष्काळजीपणाची केस ज्याला लढायची त्याने जरूर लढावी, त्यातून मिळालेल्या रकमेतून निधीचे पैसे वळते करता येतील. डॉक्टर मित्रांनो, तुम्हीही या मागणीत या. मुलाचं पोट तुमच्या बदनामीवर अवलंबून राहिलं नाही तर तुम्हालाही खरं लिहिणं सोपं जाईल.

हे होईल तेव्हा होईल. आज कुणाच्या घरात असं बाळ असेल तर डिस्चार्ज होतानाच केसपेपरची संपूर्ण प्रत लेखी अर्ज करून मागा. 72 तासांत देणं बंधनकारक आहे, आणि तीन वर्षांनंतर कागद जपून ठेवायची सक्ती नाही. आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे आणि मूल बसत नाही, उभं राहत नाही हे लक्षात येईपर्यंतच त्यातला बराच काळ निघून जातो, म्हणून ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. पाच लाखांपर्यंत बिल भरलं असेल तर तक्रारीला फी लागत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, बायकांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो.