गुरुजींनी गावाच्या तारखा शोधल्या, त्यांची राहिली

गुरुजी गेले. मागच्या महिन्यात, ऐन पावसात, पहाटे झोपेतच. वय कागदावर चौऱ्याण्णव. कागदावर असं मुद्दाम लिहितेय, का ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचं गाव दापोली तालुक्यातलं, खाडीच्या वरच्या अंगाला, आणि गुरुजी मुळात आमच्याकडचे नव्हेतच, ते मालवणकडचे. सातवी फायनल पास होऊन लोकल बोर्डाच्या शाळेत लागले, मग ट्रेनिंग, मग १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि त्याच सुमारास बदली होऊन ते आमच्याकडे आले ते आलेच. सुरुवातीला पोरं त्यांच्या बोलण्याला हसायची म्हणे. "काल शाळेत कित्याक येवक नाय रे?" असं विचारलं की अख्खा वर्ग खी खी. मधे दोनदा बदलीचे कागद आले, दोन्ही वेळा गावातली माणसं तालुक्याला जाऊन बसली आणि कागद फिरवून आणले. १९८९ च्या ३१ मेला इथूनच रिटायर झाले आणि इथंच राहिले.

आता तारखांचं सांगते. तुमच्या घरात, शेजारात कुणी साठीच्या पुढचं असेल तर जन्मतारीख विचारून बघा, कितीतरी जण १ जून सांगतील. शाळा जूनमधे सुरू व्हायची, आईबापांना तारीख माहीत नसायची, मग मास्तर सहा वर्षं मागे मोजून १ जून टाकून मोकळे व्हायचे. सगळ्या महाराष्ट्रात हेच. आमच्या गुरुजींना ते पटायचं नाही. शाळेच्या कपाटात फडक्यात बांधलेली जुनी पंचांगं होती त्यांची, ती काखेत मारून ते पोराच्या घरी जायचे, ओटीवर बसायचे आणि आईला विचारायचे, शिमग्याच्या आधीचा का नंतरचा? पालखी घरात आली तेव्हा तुझं न्हाणं झालेलं का? लावणी चालली होती का कापणी? मुंबईची बोट चालू होती का बंद? (पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, त्यावरून निम्मं वर्ष कटायचं.) मग पंचांगात बोट फिरवत फिरवत एका दिवसावर येऊन थांबायचे.

माझ्या दादाची तारीख त्यांनी अशीच काढली. आईला एवढंच आठवत होतं की मोठा भूकंप झाला तेव्हा हा अगदी लहान, अंधारात गोधडीत गुंडाळून त्याला अंगणात आणलेला आणि आदल्याच दिवशी पाचवी पुजलेली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे पाचवी १० ला. गुरुजींनी आईसमोर बोटं मोजली आणि रजिस्टरात लिहिलं, ६ डिसेंबर १९६७. दादाला नोकरी, पेन्शन सगळं त्या तारखेवर मिळालं. आई म्हणायची, माझ्या पोराचा दिवस गुरुजींनी शोधून आणला.

दुसरी गोष्ट नकाशाची. शाळेच्या अंगणात गुरुजींनी रत्नागिरी जिल्हा केला होता, जमीन सारवून, कडेला चिऱ्याचे तुकडे लावून, नद्यांना चर खणून. वर सावित्री, मग वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी असं करत खाली पार तेरेखोलपर्यंत. पहिला पाऊस पडला की आम्ही पोरं नद्यांना पाणी आलं का बघायला धावायचो. १ मे १९८१ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले, सिंधुदुर्ग वेगळा झाला. जूनमधे शाळा उघडली तेव्हा मी सातवीत गेले होते. गुरुजींनी आम्हाला खाडीवरून बारीक गोटे आणायला लावले आणि वाघोटणच्या अंगाने त्यांची एक ओळ लावली. म्हणाले, आजपासून ही हद्द. कुणीतरी विचारलं, मग खालचा भाग पुसायचा का गुरुजी? त्यांनी नाही म्हटलं. त्यांचं गाव त्या खालच्या भागात होतं हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. मालवणच्या जागी एक पांढरा शिंपला खोचलेला होता, तो नंतरही तसाच होता.

आणि १९८२. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे बाबा गिरणीतच होते. मनिऑर्डर येईनाशी झाली, शिमग्याला बाबा रिकाम्या हाताने आले ते परत गेलेच नाहीत. माझी सातवी झाली आणि आठवीची शाळा चार किलोमीटरवर, मधे दोन पऱ्हे (ओढे) आणि एक लाकडी साकव. बाबा म्हणाले, पुरे झालं पोरीचं. गुरुजींनी घरी येऊन भाषण दिलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी ते आले आणि बाबांना म्हणाले, चला, मुलींना वाट दाखवून येऊ. आम्ही तिघी मुली, बाबा आणि गुरुजी अशी सगळी वाट चाललो. पऱ्ह्याला कुठल्या दगडापर्यंत पाणी आलं की उतरायचं नाही, साकवावर कुठली फळी कुजलीय, सगळं दाखवलं. सड्यावरच्या एका घरात नेऊन तिथल्या काकींना सांगितलं, या तिघी, पाऊस वाढला तर तुझ्याकडे थांबतील. त्या काकींच्या चुलीपुढे बसून मी किती वेळा फ्रॉक वाळवलाय याला गणती नाही. बाबा परत कधी पुरे म्हणाले नाहीत.

हे सगळं आज लिहायला घेतलं कारण गुरुजींच्या शोकसभेत सगळे एकच म्हणत होते, आता असे शिक्षक राहिले नाहीत. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. चांगले शिक्षक आजही आहेत, आमच्या शाळेवरच्या बाई पदरचे पैसे घालून मुलांना पुस्तकं आणतात. पण त्यांना गावात वर्षं कुठे मिळतात? गुरुजींना सत्तावीस वर्षं मिळाली म्हणून त्यांना कुजकी फळी माहीत होती, सड्यावरच्या काकी माहीत होत्या, कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते माहीत होतं. आता चार वर्षात माणूस रुळतो न रुळतो तोच बदली, त्यात रोजची ऑनलाइन माहिती, फोटो, लिंक. शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहावं म्हणून ओरडणारे आम्ही, पण गावात धड संडास असलेली खोली भाड्याने द्यायला किती जण तयार आहेत? मी हे आमच्याच गावाला विचारतेय.

आणि पट. आमच्या शाळेचा पट आता ७ आहे. गेली दोन-तीन वर्षं समूह शाळा हा शब्द सारखा कानावर येतोय, म्हणजे छोट्या शाळांची पोरं गाडीत घालून एका मोठ्या शाळेत न्यायची. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आपल्याकडे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. हा किलोमीटर कोकणात जुलैमधे चालून बघा, सहा वर्षांच्या पोराचं बोट धरून, मग ठरवा. साने गुरुजी आमच्याच तालुक्यातले, पालगडचे, त्यांनी शिकवलं अमळनेरला. महर्षी कर्वे मुरुडचे, १०४ वर्षं जगले, त्यांचं काम पुण्यात. मोठी माणसं, पण कामासाठी बाहेर जावं लागलं. जे इथंच राहून शिकवत राहिले त्यांच्यामुळे आमच्यासारखी हजारो पोरं वर आली, आणि त्यांच्या शाळांना आपण पटावर मोजतोय.

आता ते कागदावरचं वय. गुरुजींची स्वतःची जन्मतारीख १ जून १९३१. म्हणून तर ३१ मेला रिटायर झाले, एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटी सोडतात. गावभराच्या तारखा शोधणाऱ्या माणसाच्या नावापुढे कुठल्यातरी मास्तरने टाकलेली १ जून. आम्ही एकदा विचारलं होतं तर म्हणाले, सांगायला आई कुठे आहे आता.

दहाव्याला त्यांची धाकटी बहीण आली होती, पंचाऐंशीच्या पुढची, नातवाबरोबर रेल्वेने खेडपर्यंत आणि तिथून गाडीने. ओटीवर बसून तारखांचा विषय निघाला तशी ती सहज म्हणाली, "आवस म्हणा होती, बापूस नारळी पुनवेक दर्याक नारळ देऊक गेल्लो आणि हयसर दादा जल्माक इलो." आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

साल १९३०, ३१ का ३२, ते तिला सांगता येत नाही, पण त्या वर्षी घरावर नवीन कौलं चढली होती असं ती म्हणते, आणि त्या कौलांची पावती तिच्या पुतण्याकडे ट्रंकेत असावी. तो शोधतोय. गुरुजींच्या फडक्यातली पंचांगं मी आणलीत, पण ती १९५० च्या पुढचीच आहेत. कुणाच्या माळ्यावर १९३० ते ३२ ची पंचांगं असतील तर कळवा, मी स्वतः येऊन बघेन, नेणार नाही.