पहिल्या गाडीला आधी गोव्याचा एक पावसाळा दाखवा

दसरा जवळ आला की आमच्या डिचोलीच्या वाड्यावर एखादी तरी नवी गाडी येतेच. कधी शोरूममधली, बऱ्याचदा कुणाच्या तरी घरची वापरलेली, पण घेणाऱ्याची ती पहिली असते. पूजा होते, बोनेटवर हार चढतो आणि लगेच मला मेसेज येतो, "दादा, गाडीत काय काय करून घेऊ?" सोबत फोटो असतात. काळे अलॉय (मिश्रधातूच्या रिंगा), निळसर पांढऱ्या उजेडाचे हेडलाइट, मागे दोन तोंडांचा सायलेन्सर. प्रत्येकाला तेच तेच वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो.

गाडी हौसेने सजवणं मला मनापासून आवडतं. स्वतःच्या कमाईची पहिली गाडी आपल्या मनासारखी करावीशी वाटते, यात गैर काहीच नाही. पण गोव्यात पहिली गाडी घेणाऱ्याने पहिला पैसा तीनच गोष्टींवर घालावा असं माझं ठाम मत आहे: आपल्याला रस्ता नीट दिसला पाहिजे, गाडी वेळेत थांबली पाहिजे आणि पाणी आत येता कामा नये. बाकीची हौस एक पावसाळा काढल्यावर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. ते चार महिने गाडी चालवली की तिला खरोखर काय कमी आहे ते कळतं. शोरूममध्ये अॅक्सेसरीजची वही समोर ठेवली जाते तेव्हा ते कळत नाही.

सुरुवात टायरपासून. रस्त्याला टेकणारी गाडीतली एकच वस्तू म्हणजे टायर, तरी लोक पंधरा हजारांचा स्क्रीन बसवतात आणि गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतात. वापरलेली गाडी घेतली असेल तर टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते घसरतं. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण आपल्या पावसात तेवढ्यावर विसंबू नका. ३ मिलिमीटरच्या खाली गेली की जूनच्या आधी टायर बदलून टाका.

रुंद टायर घालायचा असेल तर हिशेब सोपा आहे. टायरचा एकूण व्यास मूळ मापापेक्षा दोन-तीन टक्क्यांहून जास्त बदलता कामा नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि टायर आत घासतो. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के कडेची उंची आणि शेवटचा रिंगचा व्यास इंचांत. १६५/८० आर १४ या मापाचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर येतो आणि १८५/६५ आर १५ चा ६२१ च्या वर. फरक नावापुरता. म्हणूनच कंपन्या एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला पहिलं आणि वरच्याला दुसरं माप देऊ शकतात. वरच्या व्हेरियंटला कंपनीने जे माप दिलंय तेच आपल्या गाडीला घालणं हा नवशिक्यासाठी सगळ्यात सुरक्षित रस्ता. त्यापुढे जाऊन पातळ कडेचे मोठे अलॉय घालू नका. पावसाळ्यात आपल्या आतल्या रस्त्यांवर पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि पातळ टायर असला की तो मार सरळ रिंगला बसतो. हवेचा दाब किती ठेवायचा ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपवाल्याच्या अंदाजाने हवा भरून घेऊ नका.

आता लाइट. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण रात्री समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपले नाहीत असा आपल्याकडे एकही जण नसेल. बऱ्याच साध्या गाड्यांत एच ४ हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. त्या हेडलाइटच्या आतला आरसा बल्बमधली तार नेमक्या कुठे आहे ते धरून बनवलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी बल्ब कोंबला की उजेड तारेच्या जागेवरून निघत नाही, भलतीकडे उधळतो. चालवणाऱ्याला समोर पांढरंफटक दिसतं आणि वाटतं की लाइट वाढला. प्रत्यक्षात लांबचा रस्ता काळोखातच राहतो आणि समोरून स्कूटरवर येणाऱ्या बाईला किंवा पायलटला (मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) काहीच दिसत नाही. आपले रस्ते अरुंद, कडेला चालणारी माणसं, पावसाळ्याच्या रात्री डांबरावर बसलेली गुरं. अशा ठिकाणी समोरच्याला आंधळं करणं मला अजिबात मान्य नाही.

मग काय करायचं? जुनी गाडी असेल तर आधी हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग मारून घ्या. तेवढ्यानेच फरक दिसतो. मग रिले वायरिंग. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून येतो आणि बल्बपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. रिले लावला की करंट बॅटरीतून सरळ बल्बला जातो आणि तोच ६०/५५ चा बल्ब पूर्ण ताकदीने पेटतो. तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) मिळतो, कपलरला कपलर म्हणजे प्लगला प्लग जोडायचा, एकही वायर कापायची नाही. अलीकडच्या, कंप्युटरवर लाइट चालणाऱ्या गाड्यांना मात्र हे करू नका. ९०/१०० वॉटचे बल्ब कुणी सुचवले तर नको म्हणा. त्या उष्णतेने होल्डर आणि काचेमागचा आरसा दोन्ही खराब होतात. शेवटी गाडी भिंतीसमोर उभी करून लाइटचा रोख तपासून घ्या. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, त्यासाठी डॅशबोर्डवर लेव्हलची चकती असते. ती कशासाठी आहे हे पहिल्या गाडीवाल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

चोर्ला किंवा अनमोड घाटातून ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी फॉग लॅम्प जरूर लावावेत. ते बंपरमध्ये खाली बसतात आणि उजेड धुक्याच्या खालून जमिनीवर पडतो. धुक्यात अप्पर (हाय बीम) मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. बंपरमध्ये फॉग लॅम्पची जागा कंपनीनेच ठेवलेली असेल तर मूळ किट घ्या. वायपरची पाती मात्र प्रत्येकाने मे महिन्यातच बदलावीत. उन्हाने रबर सुकलेलं असतं आणि काम काही शे रुपयांत होतं.

पाणी आणि गंज. किनाऱ्याजवळच्या गावात गाडी उघड्यावर राहत असेल तर खारं वारं खालच्या पत्र्याला लागतंच, आणि आमच्याकडे तांबडी माती चिकटून ओल धरून ठेवते. अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, पण मेस्ताच्या (कारागिराच्या) बाजूला उभं राहून. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती त्या काळ्या थराने बुजली तर दार आतून कुजतं. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं साचतात, ती काढत जा, नाहीतर पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरतं. मड फ्लॅप खालच्या व्हेरियंटला बऱ्याचदा नसतात, ते पहिल्या दिवशी लावा. दारांवरचे रेन व्हायझरही चांगले, पावसात काच दोन बोटं उघडी ठेवता येते आणि आत वाफ धरत नाही.

जाड चामड्यासारखे, खाली घट्ट बसणारे मॅट सगळ्यांना आवडतात. मला ते गोव्यात पटत नाहीत. एकदा खाली पाणी गेलं की महिनाभर सुकत नाही, वास सुटतो आणि पत्रा आतून गंजतो. साधे रबरी मॅट घ्या, उचलून झटकता येतात. ड्रायव्हरच्या बाजूचा हुकात अडकलेला असू द्या, सरकून पेडलखाली जाता कामा नये. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी आहे का ते बघा. असेल तर त्या बाजूची शिवण फुटणारं कव्हरच घ्या, नाहीतर ती एअरबॅग वेळेला उघडणार नाही.

म्युझिकचा नाद मलाही आहे. आधी पुढच्या दारांतले दोन स्पीकर बदला आणि दाराच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारा थर) लावून घ्या, एवढ्यानेच आवाज केवढा तरी भरदार होतो. दाराचं आतलं पॅनल काढल्यावर पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडून टाकू देऊ नका, काम झाल्यावर पुन्हा नीट चिकटवायला सांगा, कारण काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी तोच अडवतो. स्क्रीन बसवताना तुमच्या मॉडेलचा कपलर वापरायला लावा. मूळ वायर कापली की पुढे काही बिघडलं तर वॉरंटीचा वाद सुरू होतो. अॅम्प्लिफायर लावलाच तर त्याच्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा, ही बाब सोडायची नाही. डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा काचेवरचा कॅमेरा) घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो. बॅटरीऐवजी कपॅसिटरवर चालणारा घ्या, उन्हात तापलेल्या गाडीत तो टिकतो. खांबातून वायर नेताना ती पडद्यासारख्या एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे. नव्या गाड्यांत रिव्हर्स सेन्सर जुलै २०१९ पासून बंधनकारक आहेत, त्याआधीची गाडी असेल तर ते बसवून घ्या. वाड्यावर मागे लहान मुलं खेळत असतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढचा लोखंडी गार्ड लावू नका. केंद्राने २०१७ च्या अखेरीस राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. त्याच्यामुळे धडकेचा मार एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि समोरच्या माणसाला दुखापत जास्त होते. काचेतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. काळी फिल्म तर रात्रीच्या पावसात तुम्हालाच आरशात काही दिसू देत नाही. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी काढा आणि आरसीवर नोंद करून घ्या. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि इंजिनाचं रिमॅपिंग (ताकद वाढवायला त्याच्या कंप्युटरचं सेटिंग बदलणं) पहिल्या गाडीत नकोच.

जे काही बसवाल त्याचं पक्कं बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर पुराच्या पाण्यात स्क्रीन आणि स्पीकर गेले तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. काढलेली मूळ वस्तू फेकू नका, दुकानात सोडून तर अजिबात येऊ नका. मूळ रिंग, मूळ म्युझिक सिस्टीम, मूळ बल्ब, सगळं खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं आणि १५ वर्षांनी नोंदणी वाढवायला आरटीओत गाडी उभी केली की तिथेही तेच लागतं.

ज्यांची गाडी या दसऱ्याला येणार आहे त्यांनी मॉडेल, साल आणि टायरवरचं माप मला कळवा. आपल्या बजेटात आधी काय करायचं ते सांगेन. साखळी-वाळपईपर्यंतच्या कुणाला लाइटचा रोख लावून हवा असेल तर रविवारी संध्याकाळी, काळोख पडल्यावर गाडी घेऊन या.