'रिकाम्या पुलावर आकडे हलत होते': तक्रारीला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं की तुमच्या पुलाच्या वजन-चाचणीच्या रिपोर्टला उशीर झाला, पुलावर एक गाडी नसताना स्क्रीनवरचे आकडे हलत होते म्हणजे मशीन बिघडलेलं, आणि एवढे पैसे घेऊनही आम्ही 'अजून दहा वर्षं चालेल' असं लिहून दिलं नाही.

उशीर नऊ दिवसांचा झाला. चूक आमची, सबब नाही.

आकड्यांचं मात्र ऐकून घ्या. दुपारी वरचा स्लॅब तव्यासारखा तापतो, त्याखालच्या गर्डरचं, म्हणजे तुळईचं, पोट ओढ्यावरच्या सावलीत गार राहतं. वरची बाजू फुगते आणि दोन खांबांमधला अख्खा गाळा किंचित वर उचलला जातो, रात्री परत बसतो. डोळ्याला दिसत नाही, गर्डरला चिकटवलेल्या स्ट्रेन गेजला (बारीक ताण टिपणाऱ्या सेन्सरला) दिसतं. म्हणून तर आधी एक दिवस पूल रिकामा ठेवायला लावला. (ऊसवाल्या ट्रॅक्टरांनी माझा उद्धार केला, तो कानावर आलाय.) उन्हाची हालचाल वजा केल्याशिवाय वजनाची कळत नाही. आकडे हलले नसते तर मीच घाबरलो असतो.

मग भरलेले टिपर चोवीस तास उभे केले. मधोमध 6.2 मिमी वाक आला. टिपर काढल्यावर चोवीस तासांनी 1.1 उरला, म्हणजे 82 टक्के परत. रस्ते-पुलांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे आरसीसी पुलाला किमान 75 लागतात. गाळा पास, तसं स्वच्छ लिहिलंय.

पण दहा वर्षांची हमी? हे सेन्सर गाळ्याचं सांगतात, पायाखालचं नाही. आणि पुराचा भरवसा नाही: महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, सोबत एसटीच्या दोन गाड्या. तुमच्या दुसऱ्या खांबाशी मी स्वतः पाण्यात उतरून पायाच्या काँक्रीटखाली काठी घातली, ती हातभर आत गेली. खालची माती ओढ्याने नेलीय. फोटो रिपोर्टात पान 14 वर आहे, ते पान बहुधा उलटलं गेलं नसावं.

ते काम आमच्याकडून नका करून घेऊ, दुसरं कुणीही चालेल. पण जूनच्या आत करा, आणि तोवर डबल ट्रॉली पुलावरून सोडू नका.