आपली ती वाटी

आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि आमच्या घरातलं एकमेव माप बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे लागतील." आईने विचारलं, "नक्की सहा, की अंदाजे?" आयुष्यात तिने नेमका आकडा मागितल्याचं मला आठवतं ते एवढंच.

बायको सकाळी सातला घर सोडते ती दिवेलागणीला परत येते. मुलीला अभ्यास आहे, मुलाला भूक आहे. राहता राहिलो मी. मी पडलो हिशेबनीस. ताळा जुळला नाही तर मला रात्री झोप लागत नाही. स्वयंपाकाचं काय एवढं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आई खुर्ची टाकून ओट्याशेजारी बसेल, सांगेल तसं मी करेन. तिचं डोकं आणि माझे हात मिळून एक स्वयंपाकी सहज होईल, असा माझा हिशेब. पहिल्याच दिवशी तो चुकला.

"डाळ किती घेऊ?"

"घे की, आपल्यापुरती."

"म्हणजे किती?"

"पाच माणसांची रे."

"पाच माणसांची म्हणजे किती वाट्या?"

"आपल्या त्या वाटीने एक. आणि वर जरा."

घरात सतरा वाट्या निघाल्या. त्यातली 'आपली ती' म्हणजे काठाला पोचा आलेली, हे सोळा वाट्या नाकारल्या गेल्यावर कळलं. राहिलं 'वर जरा'. ते दाखवायला आईने डाव्या हाताची बोटं डब्यात घातली, थोडी डाळ उचलली, तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि परत टाकली. "डाव्या हाताचं जरा उजव्याएवढं नसतं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराचा वजनकाटा आणला. ग्रॅमचा आकडा दाखवणारा, चपटा, पाच किलोपर्यंतचा. आईने त्याच्याकडे, घरी न विचारता आणलेल्या मांजराकडे बघावं तसं बघितलं. मी पोच्याची वाटी काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. १६५ ग्रॅम, म्हणजे १६५ मिली. पाण्याचं हे एक बरं असतं, मिलीला ग्रॅम, वादच नाही. मी वहीत पहिली नोंद केली आणि मला फार बरं वाटलं.

पुढे वाचत गेलो तसं कळलं की जगाचंही आईसारखंच आहे. पाककृतीतला 'एक कप' कुठे २४० मिलीचा असतो, कुठे २५०चा, आणि भाताच्या कुकरबरोबर येणारा कप असतो १८०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियात २०चा. निदान आमच्या वाटीला ओळखीला पोचा तरी आहे. बॉस्टनच्या फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ साली पाककृतींचं पुस्तक काढलं आणि चमचा भरल्यावर वरून सुरी फिरवून सपाट करायचा, हा आग्रह घरोघरी पोचवला. हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे आयत्या वेळी पाहुणे येत नसतील."

मापांपेक्षा भाषा अवघड. आईच्या शब्दांचे अर्थ मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतले. 'बेताचं' म्हणजे मी घातलं त्यापेक्षा कमी. 'सढळ हाताने' म्हणजे मी घातलं त्यापेक्षा जास्त. 'जरा थांब' हा काळ अर्ध्या मिनिटापासून वीस मिनिटांपर्यंत कितीही असू शकतो. 'होत आलं' आणि 'झालं' यांच्यामध्ये माझी भाजी तीनदा करपली. पीठ मळताना पाणी किती, तर 'पीठ मागेल तेवढं'. आता पीठ माझ्याशी बोलत नाही. पहिल्या दिवशी ते सैल झालं म्हणून वर पीठ घातलं, घट्ट झालं म्हणून पाणी, पुन्हा सैल झालं म्हणून पुन्हा पीठ. शेवटी पाच माणसांच्या घरात पंधरा माणसांचा गोळा परातीत बसला आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात. तेवढ्यात फोन वाजला. आईने तो डाव्या हाताने उचलला आणि ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं, "तो अडकलाय."

कांद्याबद्दल मात्र मला लिहिणाऱ्यांचा राग आहे. 'कांदा मंद आचेवर पाच मिनिटं परता, छान तपकिरी होईल.' मी घड्याळ लावून परतला. पाच मिनिटांनी तो नुसता घामेजला होता, पंधराव्या मिनिटाला पिवळसर झाला आणि चांगला तपकिरी व्हायला चाळीस मिनिटं गेली. पाच मिनिटांत त्यांचा होतो तो करपलेला असणार. हे मात्र आईला एकदम पटलं. "घड्याळ कशाला बघतोस? वास बघ," ती म्हणाली. मला कसलाही वास आला नाही. दहा मिनिटांनी ती बाहेरच्या खोलीतून ओरडली, "ढवळ, खाली लागतोय!" बंद दाराआडून तिला जे कळलं ते मला कढईवर वाकून कळलं नव्हतं.

सातव्या दिवशी डाळ जमली. म्हणजे ताटात पडल्यावर कुणी काही बोललं नाही. मी सगळे आकडे लगेच वहीत उतरवले, खाली दोन रेघा मारल्या. मीठ: तीन चमचे, सपाट. आता ह्याच बरहुकूम जन्मभर डाळ करायची, प्रश्न मिटला.

चार दिवसांनी त्याच आकड्यांची डाळ मुलाच्या तोंडात गेली आणि तो न बोलता उठून पाण्याचा तांब्याच घेऊन आला. मी वही तपासली. डाळ तीच, पाणी तेच, चमचा तोच. मग गुन्हेगार सापडला. आधीचं जाड्या मिठाचं पाकीट संपलं होतं आणि मी बारीक मिठाचं फोडलं होतं. बारीक मीठ चमच्यात दाटीवाटीने बसतं, ५ मिलीच्या चमच्यात साधारण सहा ग्रॅम. जाड्या दाण्यांत हवाच फार, त्यामुळे तोच चमचा बराच कमी खारट. "मग तू चाखून नाही बघितलंस?" आईने विचारलं. बघितलं होतं, सहा वेळा. तिथेच घोळ झाला. जीभ मिठाला सोकावते. सहाव्या वेळी मला ती अळणी लागली म्हणून मी वर आणखी चिमूटभर टाकलं होतं. हे मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

"बटाटा टाक, मीठ ओढून घेतो," बायकोने फोनवरून सांगितलं. मी दोन टाकले. वीस मिनिटांनी काढले तर बटाटे खारट आणि डाळ होती तशीच खारट. बटाटा काही नुसतं मीठ वेचून घेत नाही, तो खारट पाणीच पितो. उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. उपाय एकच, बिनमिठाची डाळ आणि पाणी वाढवत जायचं. मी वाढवत गेलो. ती डाळ आम्ही रात्री खाल्ली, दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली, रात्री खाल्ली. तिसऱ्या दिवशी मुलाने ताटाला हात जोडले. देवाला जोडतो तसे नव्हते ते.

आणि मग एका रविवारी ताई, मेव्हणे आणि त्यांची दोन मुलं आईला बघायला आली. आलीच आहेत तर जेवून जातील, असं आई म्हणाली. मी काही बोललो नाही. रोज दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी, हे आता माझं तोंडपाठ होतं. दुपटीने चार वाट्या तांदूळ, आठ वाट्या पाणी. त्रैराशिक चौथीतल्या पोरालाही येतं. झाकण काढलं तर पातेल्यात भात नव्हता, खळ होती. भिंतीला पोस्टर चिकटलं असतं. मेव्हणे सज्जन गृहस्थ. "मऊ आहे, दातांना अजिबात त्रास नाही," म्हणाले. ताईने माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, तुझा हात कधी सुटणार गं?" लेकी बोले, लेका लागे.

"पाणी मोजायचं कशाला?" आई रात्री म्हणाली. "तांदूळ सारखे कर, बोट टेकव, वर एक पेर पाणी."

"दोन वाट्यांना एक पेर. मग चार वाट्यांना?"

"एकच पेर."

"दहा वाट्यांना?"

"अरे एकच पेर! माणसं वाढली म्हणून बोट वाढतं का?"

हे मला पटेना. हिशेबात असं चालत नाही. मी अकरा वाजेपर्यंत जागून वाचलं तेव्हा कुठे उजेड पडला. तांदूळ साधारण आपल्याएवढंच पाणी पितो. वरचं पाणी वाफ होऊन जायला लागतं. ती वाफ किती जाते हे भांडं किती रुंद, झाकण कसं, आच किती, यावर ठरतं, आत तांदूळ किती त्यावर फारसं नाही. त्यामुळे तेच भांडं असेल तर तांदूळ वाढला तरी वरचं पाणी जवळपास तेवढंच लागतं. मी तांदळाबरोबर वाफही दुप्पट धरली होती, ती बाहेर गेलीच नाही, भातात मुक्कामाला राहिली. मी आईला उठवून सांगितलं की तुझं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं. ती म्हणाली, "बरं. दिवा घालव."

मग पट्टी घेऊन आमची पेरं मोजली. तिचं २२ मिलीमीटर, माझं २६. वहीत लिहिलं: माझं पेर, किंचित कमी. 'किंचित' हा शब्द माझ्या अक्षरात बघून मी थोडा वेळ तसाच बसलो.

सहा आठवड्यांनी, अंदाजे, प्लास्टर निघालं. आई ओट्याशी उभी राहिली, मनगट दोनदा फिरवलं आणि मिठाच्या बरणीत हात घातला. मी काटा पुढे केला. "आई, आधी ह्यावर टाक. एकदाच." तिने टाकलं. चार ग्रॅम. "पुन्हा." सात. "पुन्हा." पाच.

"बघितलंस? तिन्ही वेळा वेगळं!"

"तिन्ही वेळा तू मध्ये बोललास."

काट्याचा उपयोग तिने आता स्वतःच शोधून काढला आहे. गॅसवरून उतरवलेलं डाळीचं पातेलं ती त्याच्यावर ठेवते. ओट्याला डाग पडत नाही म्हणे. आकडा कुणी बघत नाही, मी सोडून. मी चार दिवस गुपचूप टिपून ठेवला, त्याच पातेल्याचा, त्याच पाच माणसांचा. सोमवारी १७४०, मंगळवारी १५१५, बुधवारी २०३०, गुरुवारी १८९०. शेजारी मी 'चव' असा रकाना आखला होता. सोमवारसमोर 'नेहमीची' असं लिहिलं, आणि त्याखाली तीनदा 'वरीलप्रमाणे'.