बुवांची आंघोळ

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी चार वाजता आंघोळ असते. माझी नाही, बुवांची. त्या वेळात बाथरूम कुणी मागायचं नाही, आणि कुणी आलंच तर त्यांना हॉलमधे बसवून "पाच मिनिटं हां, सरड्याला आंघोळ घालतोय" असं सांगावं लागतं. एक कुटुंब परत आलेलं नाही.

बुवा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. ड्रॅगन नुसता नावाला, प्रत्यक्षात दीड फूट लांबीचा वाळूच्या रंगाचा सरडा, हनुवटीखाली काट्याकाट्यांची दाढी, आणि चेहऱ्यावर कीर्तन संपल्यावर दक्षिणा कमी पडल्याचा भाव, म्हणून बुवा. आम्ही मेलबर्नला राहतो. मुलीला, ईराला, कुत्रा हवा होता, मी नाही म्हणालो कारण फिरवायला शेवटी मलाच जावं लागणार, तर ती म्हणाली मग सरडा, आणि मी तेव्हा फोनवर काहीतरी बघत होतो, हो म्हणून बसलो. इथं व्हिक्टोरियात सरडा पाळायला सरकारी लायसन्स काढावं लागतं. मिरजेत आमच्या कुंपणावर ह्यांचेच चुलतभाऊ फुकट बसलेले असायचे, कूळ एकच, आणि आम्ही पोरं त्यांना दगड मारायचो. आता त्याच कुळातल्या एकासाठी मी काचेची पेटी घेतलीय, त्यात चाळीस डिग्रीचा ऊन-दिवा, उन्हातल्या अतिनील किरणांसाठी वेगळी यूव्हीबी ट्यूब, आणि खायला जिवंत झुरळं विकत आणतो. विकत. माझ्या आईनं आयुष्यभर जी चपलेनं मारली ती.

बरं, आंघोळ कशाला? हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला प्राणी, पानावरचं दव चाटून दिवस काढणारा, त्याला कसली आलीय आंघोळ. पण कात टाकताना मागच्या पायाच्या दोन बोटांना जुनी कातडी अडकून राहिली, दोरा करकचून बांधावा तशी, आणि डॉक्टर म्हणाल्या की असंच राहिलं तर रक्त बंद होऊन बोट जाईल, ओढून काढू नका, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा, हळूहळू सुटेल. पोट साफ व्हायलाही बरं म्हणे. मी म्हणलं, बसवतो की, त्यात काय.

पहिल्या शनिवारी मी सरळ आमच्या मोठ्या टबात नळ सोडला आणि बुवांना पाठीवरून उचलून पाण्यात ठेवलं. एका वाक्यात किती चुका आहेत ते मला नंतर कळलं. एक तर ह्यांच्या टाळूवर तिसरा डोळा असतो, खरंच असतो, बारीक ठिपक्याएवढा, त्याला चित्र दिसत नाही पण उजेड-सावली कळते, त्यामुळे वरून हात आला की ह्यांच्या लेखी घार आली. दुसरं म्हणजे नळाचा आवाज. तिसरं, पाणी माझ्या मते कोमट होतं. बुवांच्या मते नव्हतं. दाढी फुगली आणि बघता बघता काळी कुळकुळीत झाली, तोंड उघडलं, मग त्यांनी पोटात हवा भरून घेतली आणि दुधी भोपळ्यासारखे तरंगायला लागले. मी घाबरून हात घातला तर त्या हातावरून दंडावर, दंडावरून खांद्यावर, आणि तिथून थेट माझ्या डोक्यावर. नखं काय असतात हो! मी तसाच वाकलेला, केसांत सरडा, बाहेरून ईरा विचारतेय "बाबा, आवडलं का त्याला?"

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ते जिथं कुंपण आहे तिथं. इथं मी होतो.

पुढचे दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या वेळी तर टब नुसता दिसल्यावरच दाढी काळी. माझा हात दिसला तरी काळी. पाच दिवस त्यांनी मला पाठ दाखवली, आणि पाठ दाखवणे हा वाक्प्रचार मला तेव्हा पहिल्यांदा सविस्तर समजला.

तेवढ्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. पहिले चार दिवस ती पेटीच्या खोलीत पाऊल ठेवेना. "पाल ती पाल, तुम्ही काही म्हणा." मी म्हणलं, पाल नाही, ह्याची शेपूट तुटली तर परत येत नाही. "मग तर अजूनच बिचारं," आई म्हणाली, आणि का कोण जाणे पण त्या एका माहितीवर तिचं मन फिरलं. शनिवारी ती बाथरूमच्या दारात उभी राहिली, माझा सगळा तमाशा बघितला, आणि म्हणाली, "अरे असं घालतात का आंघोळ? तू स्वतः कधी धड केली नाहीस, तू काय घालणार. सरक."

आमच्या आळीत दोन पिढ्यांच्या बाळंतपणात बाळाला न्हाऊ घालायला आईलाच बोलावणं यायचं. तिनं आधी टब बाद केला. दुकानातून एक पसरट प्लास्टिकचं घमेलं आणलं, तळाला जुना टॉवेल घातला, म्हणजे नखांना धरायला काहीतरी मिळेल. पाणी बाहेरच तयार करून आणायचं, समोर नळ सोडायचा नाही. पाण्यात कोपर बुडवलं. मी थर्मामीटर घेऊन उभा होतो, पस्तीस. आई म्हणाली, "बघ, मशीनलापण कळतंय." पाणी खांद्याच्या वर जाता कामा नये हे मी सांगितलं, तर म्हणे बाळाला काय गळ्यापर्यंत बुडवतात होय.

पण पहिल्या दिवशी तिनं पाणी घातलंच नाही! घमेलं कोरडं, त्यात चिमूटभर कोथिंबीर, आणि बुवांना हाताची बैठक करून पोटाखालून उचलून आत सोडलं. बुवा इकडेतिकडे बघत बसले, कोथिंबीर खाल्ली, झाली आंघोळ. मी म्हणलं, ही कसली आंघोळ. "पहिल्या दिवशी शाळेत पोराला गणित शिकवतात का?" दोन दिवसांनी बोटभर पाणी. मग दोन बोटं. पाण्यात उतरवताना आधी मागचे पाय टेकवायचे, मग पुढचे, आणि छातीखालचा हात लगेच काढायचा नाही.

आणि हे सगळं करताना ती बाथरूमच्या फरशीवर पाय लांब पसरून बसायची, बाळंतिणीच्या घरी बसायची तशीच, घमेलं दोन पायांच्या मधे. तिला उटणंही लावायचं होतं, ते मी हाणून पाडलं, साबणबिबण काही चालत नाही ह्याला. धुरी पाहिजे म्हणाली, तेही नाही, त्याऐवजी नंतर टॉवेलनं नीट टिपून दिव्याखाली ठेवायचं. "म्हणजे शेकच की," असं म्हणून तिनं ते पास केलं. पाणी घालताना मात्र सात नद्यांचा श्लोक म्हणायचीच. ईरानं सांगितलं की आजी, हे बुवा रानात मिल्ड्युराच्या बाजूला असतात, तिथली नदी मरे, तीपण घे ना श्लोकात. आईनं तिच्याकडे असं बघितलं. "न्हायला घातलेल्या जिवासमोर मरे काय म्हणतेस गं? शुभ बोल."

पाचव्या का सहाव्या वेळेला ते झालं. आई चमच्यानं पाठीवर पाणी सोडत होती, डोक्यावर नाही, आणि बुवांची दाढी वाळूच्याच रंगाची. काळी नाही, करडीसुद्धा नाही. मग त्यांनी एक डोळा मिटला. मग दुसरा. नाकावरून ओघळलेला थेंब गुलाबी जिभेनं चाटला, थांबले, अजून एक चाटला. आम्ही तिघं दारात श्वास रोखून, बायकोनं व्हिडिओ सुरू केला, आणि त्याच क्षणी बुवांनी शेपूट थोडी उचलून घमेल्यात जे करायचं ते केलं. भरपूर केलं. ईरा ओरडत पळाली. आईचा चेहरा मात्र असा खुलला की काय सांगू. "झालं बाई पोट मोकळं! पाण्यात शी करतं ते बाळ सुखी असतं."

त्यानंतर घरात एक नवं सोवळं सुरू झालं. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो, त्यामुळे ते घमेलं स्वयंपाकघरात येता कामा नये, आंघोळीनंतर हात साबणानं धुवायचे, पाणी संडासातच ओतायचं. आई हे इतकं कडक पाळते की मला वाटतं साल्मोनेलाचा शोध तिला आधीच लागलेला होता, फक्त नाव माहीत नव्हतं. घमेल्यावर तिनं मार्करनं मोठ्ठं "बुवा" लिहिलं. तरी एकदा रात्री मी त्यात साबुदाणा भिजवायला निघालो होतो, बायकोनं मनगट धरलं. त्यावर जास्त बोलत नाही.

बोटांची कातडी सुटली, दोन्ही बोटं शाबूत. एप्रिलमधे आई परत गेली. पहिल्या शनिवारी मी सगळं तिच्यासारखंच केलं, टॉवेल, कोपर, दोन बोटं पाणी, पाय टेकवले, आणि दाढी काळी ठिक्कर. उभ्यानं होतो म्हणून असेल, मी फरशीवर बसलो, पाय पसरले, गुडघे दोन फटाक्यांसारखे वाजले. काही फरक नाही. शेवटी फोन साबणाच्या जागी टेकवून मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचा स्वयंपाक चाललेला, आई पदराला हात पुसत आली, घमेल्यात डोकावली तसा चेहरा स्क्रीनभर झाला, आणि "आलं रे बाळ, झालं झालं, आता संपलं हां" सुरू केलं, मग नद्या, सातच्या सात. दाढी उतरत गेली. काळी, करडी, वाळू. एक डोळा मिटला.

"बघ, ऐकतो की नाही," आई म्हणाली. मग जरा फोन लांब धरून माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तू? तुझी झाली का आज?"

संध्याकाळचे पाच वाजले होते. मी म्हणलं, आई, रेंज जातेय बहुतेक.