आधी घरातले पंखे बघा
घरखर्च कमी कसा करायचा यावरच्या या लेखात हॉटेलिंग बंद करा, लिस्ट करून किराणा आणा वगैरे लिहिलंय ते बरोबरच आहे पण लाईट बिलाचं काहीच नाही. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसीवाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 च्या आसपास, म्हणजे रोज 12 तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे 16 युनिट वाचतात, आमच्याकडे 3 पंखे आहेत, करा हिशोब, आणि महावितरणचा रेट 100 युनिटच्या वर गेलं की चांगलाच वाढतो म्हणून हे जास्त महत्त्वाचं. पंखा महाग पडतो हे खरंय, आम्ही एकेक करून बदलले. आणि तूरडाळ, राजमा भिजवूनच कुकरला लावा, शिट्टी झाली की गॅस बारीक, सिलिंडर नक्की जास्त दिवस पुरतो.